बांध ऐकतो

"नवस बोललेय गो मी बांधावरच्या बाईला," आत चुलीशी काकी आपल्या जावेला सांगत होत्या. "एकदा त्याच्या तोंडातून खरं निघू दे. हिरवी साडी नेसवीन तिला."

"आनि नाय निघालं तर?"

"तर काय! चाललंय तसं चालायचं."

मी बाहेर पडवीत पाहुण्यांच्या पंगतीत बसले होते. भाकरीचा तुकडा हातात होता तो हातातच राहिला. पाहुणे कोळंबीचं कालवण ओरपत होते. काका पलीकडे नेहमीसारखे हेल्मेट डोक्यावर ठेवूनच जेवत होते. मी मात्र कान देऊन ऐकत होते. कारण बांधावर कुठलीच बाई नव्हती. ती काकांनी तयार केली होती आणि मी ती इंग्रजीत नेली होती. आणि ती बाई मुळात कोण, हे त्या घरात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

काका माझ्या नात्याचे कुणी नव्हेत. पेणला रामवाडीत एका माणसानं बॅटरीवर चालणाऱ्या सायकली घेतल्या होत्या. शहरातून निघायचं, भोगावती नदीच्या काठाकाठानं खाडीपर्यंत जायचं, एका गावात जेवायचं आणि उन्हं कलताना परत, अशी दिवसाची सहल तो हिवाळ्यात दर रविवारी काढायचा. वाट दाखवायला काका होते. त्यांचं गाव खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या भातशेतीच्या पट्ट्यात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून मालकानं मला ठेवलं. मी रोह्याची, शाळा सगळी इंग्रजी माध्यमातली. सकाळची गाडी पकडायची, निडी आणि नागोठणं मागे टाकायचं आणि पेणला उतरायचं.

मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ते बोलतील तेवढंच सांगायचं. आपल्या मनाचं काही नाही." मला तेच हवं होतं. स्वतःचं काही बोलायचं म्हटलं की माझा घसा धरतो. दुसऱ्याचं वाक्य असेल तर मी ते चारचौघांत खणखणीत बोलू शकते.

काका साठीच्या आसपासचे, काटकुळे. अंगात कधीकाळी नोकरी केलेल्या कंपनीच्या जुन्या गणवेशाचा खाकी शर्ट. हेल्मेट सकाळी घरी चढायचं ते रात्री घरीच उतरायचं. जेवताना, चहा पिताना, देवळात पाया पडतानासुद्धा डोक्यावरच. "निघालं की इसरतो," म्हणायचे. पाहुण्यांना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काल नीट जेवलात का?" मी तो इंग्रजीत केला की पाहुणे गोंधळायचे, मग काल काय जेवलो ते आठवून आठवून सांगायचे. काका प्रत्येकाचं गंभीरपणे ऐकून घ्यायचे. मग सायकलींच्या बॅटऱ्यांवर एकेक थाप मारायचे, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांजवळून आणलेले झेंडूचे हार प्रत्येक हँडलला अडकवायचे आणि म्हणायचे, "सुटू या."

अलिबागला उतरलेले पाहुणे बहुतेक वेळा वडखळच्या वाहतूककोंडीत अडकून उशिरा यायचे. मग भरती चुकू नये म्हणून काका सगळ्यांना घाईनं पळवायचे. भरतीची त्यांना नको तितकी काळजी, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

पक्ष्यांचं ज्ञान बेताचं. बगळा, खंड्या, घार एवढी नावं झाली की पुढचा प्रत्येक पक्षी "सरकारी". "वनखात्याचा बोर्ड लागला तवापासून येतोय," असं त्याचं कारण. मी मुकाट्यानं इंग्रजीत 'सरकारी पक्षी' म्हणायची आणि पाहुणे ते आपल्या फोनमध्ये टिपून घ्यायचे.

शेतांच्या पलीकडे खाडी आणि अलीकडे भात, मध्ये मातीचा लांबलचक बांध. हा बांध आहे म्हणून खारेपाट आहे. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची कित्येक वर्षं तिथं दाणा पिकत नाही. बांध आला की काका सगळ्यांना मोटर बंद करायला लावायचे. "बांधावर फुकटचं चालायचं नाय. पाय मारा." दुसरा नियम असा की बांधावर मोठ्यानं बोलायचं नाही. का, असं एका पाहुणीनं विचारलं तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, "बांध ऐकतो." आणि स्वतः ते कायम शेताच्या बाजूनं चालायचे. पाण्याच्या कडेला त्यांना कधी पाहिलं नाही.

बांध वळतो तिथं एका जागी ते उतरायचे. सायकल स्टँडवर लावायचे. आणि दिवसातून तेवढ्या एकाच वेळी हेल्मेट काढायचे. खाली दबलेले पांढरे केस घामानं चिकटलेले असायचे. मग ते जपून, पुस्तकातलं मराठी बोलायला लागायचे.

माझ्या पहिल्या रविवारी ते म्हणाले, "इथं बांध फुटला होता. उधाणाची भरती, भर दुपार. आम्ही दोघंच होतो. मी आणि माझी बायको. पाणी आत घुसायला लागलं. मी घमेलं टाकलं आणि पळालो."

मी इंग्रजीत सांगितलं की ते मदत आणायला धावले.

"काय सांगितलंस?" त्यांनी मला थांबवलं. "मी पळालो म्हंजे पळालो. तसंच सांग."

मी तसं सांगितलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

"ती नाही पळाली. पेंढ्याचे भारे पाठीशी लावले आणि त्या भगदाडात उभी राहिली. पाणी कमरेला, मग छातीला. माणसं येईपर्यंत तिनं पाणी अडवलं. शेतं वाचली." काका थांबले. हातातल्या हेल्मेटकडे बघत म्हणाले, "ती अजून इथंच आहे. बांधात."

हे शेवटचं वाक्यही मी इंग्रजीत आणलं. पाहुण्यांमध्ये एक म्हातारी जर्मन बाई होती. तिनं आपल्या हँडलवरचा झेंडूचा हार सोडवला आणि त्या वळणावर मातीत ठेवला. काकांनी हेल्मेट घातलं, पट्टा आवळला. "सुटू या. जेवण थंड होईल."

जेवण काकांच्या घरी होतं. एक उंच, सावळ्या बाई वाढत होत्या. काका मला म्हणाले, "तिला सांग, पावन्यांना तिखट कमी घाल."

त्या बाई हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. मला काही कळेना. मी तेच वाक्य मराठीतून मराठीत त्यांना सांगितलं.

"त्याला सांग," त्या मला म्हणाल्या, "पावन्यांना तिखट चालतं. त्यालाच सोसत नाय."

मी तेही सांगितलं. मग स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "तुम्ही काकांच्या बहीण का?"

"बहीण?" त्या हसल्या. "बायको गो मी त्याची. दुसरी कोन असनार?"

माझ्या हातातला तांब्या चुलीपाशी पडला, पाणी निखाऱ्यांवर गेलं, सगळीकडे वाफ झाली. पहिली बायको वारली असेल, ही दुसरी असेल, असं मी स्वतःला समजावत होते, तेवढ्यात काकींनी चिमटा उचलायला पदर खोचला आणि त्यांच्या पाठीवर मला आडव्या जुन्या खुणा दिसल्या. "त्या खांडीतल्या," त्या सहज म्हणाल्या. खांड म्हणजे बांधाचं भगदाड. "पेंढा रुतला व्हता ना पाठीत." तासाभरापूर्वी मी या बाईला इंग्रजीत पुरलं होतं. आता ती माझ्यासाठी दुसरा तांब्या भरत होती.

परतीच्या वाटेवर मी काकांच्या बाजूला सायकल घेतली. मी रागावले होते. बोलायचं खूप होतं, तोंडातून एवढंच निघालं, "काका, त्या जिवंत आहेत."

"हाय ना," काका म्हणाले. "मना ठाव नाय व्हय?"

"मग बांधात आहेत असं का सांगता?"

त्यांनी सायकलचा वेग कमी केला. मग ते म्हणाले, "जगली म्हटलं की लोक पुढचं इचारतात. बाहेर आल्यावर ती तुम्हाला काय बोलली? आता ती काय बोलली ते मी काय सांगू? ती बोललीच नाय. त्या दिवसापास्नं नाय बोलली."

मी पुढच्याच रविवारी काम सोडायला हवं होतं, असं माझी आई म्हणते. मी सोडलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या घरात माझी आता दोन कामं झाली होती. पाहुण्यांसाठी इंग्रजी, आणि काका-काकींसाठी मराठी ते मराठी. "तिला सांग, पंख्याचं बटन बिघडलंय." "त्याला सांग, त्याच्या डोक्याचं आधी बघ. हेल्मेटात शिजलं असंल." मी दोन्हीकडे निरोप पोचवायची, दोघंही मलाच उद्देशून बोलायचे. मी नसताना आठवडाभर ते कसं भागवत असतील, हा प्रश्न मला रोह्याला परतताना गाडीत पडायचा. एकदा काकींना विचारलं. म्हणाल्या, "कोंबडीला सांगते. तो ऐकतो."

इकडे बांधावर वेगळंच चाललं होतं. जर्मन बाईनं हार ठेवल्यापासून जो तो हार ठेवायला लागला. कुणी सांगावं लागत नव्हतं. गोष्ट संपली की पाहुणे आपणहून हँडलवरचे हार सोडवायचे. आम्ही दुपारी जाऊन यायचो तेव्हा त्या वळणावर गावातलं कुणी नसायचं. पण सकाळी त्याच वाटेनं मिठागरावर कामाला जाणाऱ्या बायकांना दर सोमवारी तिथं झेंडूचा ढीग दिसायचा. दर आठवड्याला कुणीतरी गुपचूप हार वाहून जातं, तर तिथं काहीतरी असणारच, असं त्यांनी धरलं. एका रविवारी आम्ही गेलो तर हारांच्या जागी एक उभट दगड ठेवलेला. पुढच्या वेळी त्याला शेंदूर. त्यानंतर नारळाच्या करवंट्या, हिरव्या बांगड्या. कुणाची हरवलेली म्हैस सापडली होती. कुणाच्या सुनेचा ताप उतरला होता. बांधावरची बाई पावली होती.

शेंदूर लावलेला दगड पाहिला तेव्हा मी सायकल तिथंच थांबवली. काकांकडे बघितलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, झटकन दोन्ही हात जोडले आणि सोडले.

"काका, आता काय करायचं?"

"काय करायचं? आता तिला कोन हलवनार?" आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. "गावानं तिला मानलं बघ. तिलाच ठाव नाय फकस्त."

या पार्श्वभूमीवर मी त्या दिवशी पडवीतून काकींचा नवस ऐकला. त्यांचा नवस त्यांच्याच दगडाला होता. पानं गोळा करायच्या निमित्तानं मी आत गेले. जाऊबाई मागच्या दारी गेल्या होत्या. मी विचारलं, "काकी, काकांच्या तोंडून काय खरं निघायला हवंय?"

काकी राखेनं भांडं घासत होत्या. घासता घासताच म्हणाल्या, "खांड पडली तवा हा घमेलं टाकून पळाला. संध्याकाळी आला आनि गावाला सांगितलं, मी मानसं बोलवायला गेलतो. गावाला खरं वाटलं. मी पान्यात व्हते ना गो. मी त्याची पाठ बघितली."

मी पानं एकावर एक रचत राहिले.

"पळाला त्याचं मना काय नाय. उधानाला कोन बी पळंल. मी इचारलं त्याला, पळालास ना? तर मना बी तेच, मानसं बोलवायला गेलतो." भांडं त्यांनी उलटं ठेवलं. "पळालो म्हन की एकदा! मी काय खाते व्हय तुला? मी बी म्हातारी झाले. कोंबडीशी किती बोलू?"

माझ्या ओठांवर आलं होतं की ते म्हणतात, काकी. दर रविवारी म्हणतात, माझ्याच तोंडून म्हणतात. पार जर्मनीला ठाऊक आहे. फक्त इथून हाकेच्या अंतरावर पोचलेलं नाही. पण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगायचं. गोष्टीत आम्ही तुम्हाला मारून टाकलं. तुम्ही ज्या बाईच्या पाया पडता ती कोण. मी पानं उचलून बाहेर आले.

काकांना मात्र परतीच्या वाटेवर सांगितलं. त्यांच्याशी बोलणं मला सोपं जायचं, कारण ते कधी माझ्याकडे बघायचे नाहीत. "काकींना एवढंच ऐकायचंय. तुम्ही बांधावर म्हणता तेवढंच."

त्यांनी सायकल थांबवली. मोटर बंद केली.

"पावन्यांना सांगणं सोपं हाय," ते म्हणाले. "ते संध्याकाळी अलिबागला जातात. त्यांनी मना कसला बी म्हटला तरी मना काय! ती कुठं जानार? ती तिथंच चुलीशी. रोज ती मना त्याच डोळ्यांनी बघनार."

"आता कुठल्या डोळ्यांनी बघतात?"

काका खाडीकडे पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, "सुटू या."

त्यानंतरच्या एका रविवारी अमावास्या होती. पाहुणे बंगळुरूचे होते, मराठी कुणालाच येत नव्हतं. भरती चढत होती आणि काका सकाळपासून चिडचिडे झाले होते. त्या वळणावर पोचलो तर दगडासमोर कुणीतरी बसलेलं. उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. त्या बाईनं मागे वळून बघितलं. काकी.

काकांचा हात हेल्मेटच्या पट्ट्याकडे गेला. पण त्यांनी पट्टा सोडला नाही, उलट आणखी आवळला. "पावन्यांना सांग," मला म्हणाले, "आज भरती मोठी हाय. इथं थांबायचं नाय."

पाहुणे उतरले होते. मालकानं त्यांना या जागेबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. एक मुलगी हँडलवरचा हार सोडवायला लागली. तिचं बघून बाकीचेही सोडवायला लागले.

काकी उठल्या. परक्या माणसांच्या हातातले हार त्यांनी बघितले, मग दगड बघितला. कपाळाला आठी पडली. "हार तुमी ठेवता व्हय?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मी म्हटलं कोन ठेवतं. त्याला इचार गो, हिची गोष्ट काय हाय. परक्यांना ठाव हाय ती गावाला नाय?"

मी काकांकडे वळले. "त्या विचारतायत, हिची गोष्ट काय आहे."

"तिला सांग, मना ठाव नाय."

"ठाव नाय म्हनतो?" काकींनी त्यांच्याकडे न बघताच मला विचारलं. "मग दर रविवारी हितं घेऊन कशाला येतो लोकांना? इचार त्याला."

"तिला सांग, घरी जा. पानी चढतंय."

"त्याला सांग, पान्याला मी भीत नाय. ज्याला भ्यायचं त्यानं जावं."

काका एक पाऊल मागे, शेताकडे सरले. हेल्मेटखालून घामाचा ओघळ गालावर आला. ते शेताच्या बाजूला उभे होते, काकी पाण्याच्या बाजूला, मध्ये तो शेंदराचा दगड. हार धरलेल्या मुलीनं हळूच माझ्या कोपराला हात लावला आणि इंग्रजीत विचारलं, "ही कोण? आणि ते काय म्हणतायत?"

ते काय म्हणतायत, ते सांगणं हेच माझं काम होतं. काका माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच बघत होते, आणि मान हलवत होते. नको म्हणत होते की सांग म्हणत होते, ते मला आजही ठरवता येत नाही. काकी उदबत्तीचं पाकीट मुठीत चुरगाळून जायला वळल्या.

बांधावर मोठ्यानं बोलायचं नाही, हा नियम मी इतके दिवस पाळला होता. त्या दिवशी माझा आवाज पार मिठागरापर्यंत गेला असेल.

"काकी, ते दर रविवारी इथं हेल्मेट काढून सांगतात, 'बांध फुटला तेव्हा मी पळालो, माझी बायको उभी राहिली.' हा दगड तिचाच आहे. ती हिरवी साडी तुम्हीच नेसा."